पंचम जॉर्जच्या रुपयावरील निळा-जांभळा रंग नैसर्गिक मानावा का?

कमळाखालचे टिंब (प्रश्न)
नमस्कार मंडळी. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे पंचम जॉर्जचा १९१८ सालचा, मुंबई टाकसाळीचा चांदीचा रुपया विक्रीस आहे. हे वर्ष अजिबात दुर्मीळ नाही, तरीही 'नॅचरल रेनबो टोनिंग' (म्हणजे आपोआप चढलेल्या इंद्रधनुषी रंगछटा) असे लिहून त्याने नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत सांगितली आहे. राजाच्या गालावर गडद निळा आणि भोवती जांभळा रंग दिसतो. मुकुट आणि झग्यावरील हत्ती मात्र बरेच झिजलेले आहेत. दोनच छायाचित्रे दिली आहेत. हा रंग काळाच्या ओघात चढला आहे की कोणी चढवला आहे, हे एवढ्यावरून सांगता येईल का?

जुनी चांदी
निश्चित सांगता येणार नाही, पण संशय घेण्याइतके त्यात नक्कीच आहे. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर साचतो आणि पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचे रंग दिसावेत तसे त्या थराच्या जाडीनुसार रंग दिसतात. या रंगांना क्रम असतो: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तपकिरी, किरमिजी, जांभळा, निळा, पुढे हिरवट छटा आणि शेवटी काळपट राखाडी. नाणे कागदी पाकिटात किंवा अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिले, तर थर बहुधा कडेकडून आत सरकतो, त्यामुळे कडेला निळा असेल तर मध्याकडे येताना किरमिजी आणि पिवळा हे टप्पे हळूहळू उलगडत गेलेले दिसतात. पोटॅशियम सल्फाइडचे द्रावण किंवा उष्णता वापरून घाईने रंगवलेल्या नाण्यावर मधले टप्पे अनेकदा गायबच असतात आणि उघड्या चांदीला लागूनच गडद निळा सुरू होतो. अक्षरांच्या आणि चित्राच्या कडांशीही नीट पाहावे. नैसर्गिक रंग तिथे किंचित बदलतो किंवा उजळ पट्टी सोडतो, तर चढवलेला रंग अक्षरांवरून सरसकट पसरलेला आढळतो.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनात मला झीज सर्वांत जास्त खटकते. इंद्रधनुषी रंग खुलायला खाली टाकसाळीची मूळ झळाळी लागते. झिजलेला रुपया नैसर्गिकरीत्या बहुधा राखाडी किंवा तपकिरी होतो आणि उंचवट्यांवर फिकट राहतो. इथे तर सर्वाधिक घासल्या गेलेल्या गालावरच रंग सर्वाधिक गडद आहे.

लक्ष्मीपूजनाचा रुपया
वरील मताशी सहमत आहे. आपल्याकडील रुपयांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. यांतील पुष्कळ नाणी घरोघरी धनत्रयोदशीला किंवा लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पुजली गेली आणि नंतर चिंचेने, रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासली गेली. काहींना कडी लावून ती गळ्यातही घातली गेली. त्यामुळे जुना रुपया समोर आला की तो कधीतरी घासलेला असणार, असे मी आधीच धरून चालतो. घासलेल्या चांदीवर पुन्हा रंग चढू शकतो, तोही कोणी मुद्दाम काही न करता. पण भिंगाखाली त्या रंगातूनच बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि नाणे फिरवले तरी मूळ झळाळी असलेल्या नाण्यासारखे झळाळीचे पट्टे सरकत नाहीत. अशा रुपयाला जादा भाव द्यायचे कारण नाही. नाणे एकाच दिव्याखाली सावकाश फिरवल्याचा व्हिडिओ मागावा आणि छायाचित्रातील पांढरी पार्श्वभूमी खरोखर पांढरी दिसते का, हेही तपासावे. विक्रेत्याची इतर नाणीही चाळून पाहा. निरनिराळ्या राजांचे, निरनिराळ्या वर्षांचे रुपये सगळेच सारखे निळे-जांभळे असतील, तर व्हिडिओची वाट पाहण्याचीही गरज नाही.

कमळाखालचे टिंब
आताच त्याची यादी पाहिली. व्हिक्टोरिया, सप्तम एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांचे सहा रुपये आहेत आणि सहाही निळे-जांभळे! ॲसिटोनमध्ये बुडवले, तर खात्री होईल का? की एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलेच नाणे घ्यावे?

जुनी चांदी
शुद्ध ॲसिटोनने लाख, शाई, पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांचा हिरवट चिकटा असे वरचे लेप निघतात. सल्फाइडचा थर तसाच राहतो. म्हणून रंग उतरला, तर तो लेप होता एवढे कळते; न उतरल्यास काहीच सिद्ध होत नाही, कारण मुद्दाम गंधक लावून तयार केलेला थरही सल्फाइडचाच असतो. शिवाय नाणे हाती आल्यावरच हे करता येते, तेव्हा परत घेण्याची अट आधी लेखी मिळवावी लागेल. डबीचा आधार चांगला, पण तोही तज्ज्ञांच्या नजरेचा निर्णयच असतो. पीसीजीएस स्वतः अशा नाण्यांना 'क्वेश्चनेबल कलर' म्हणते, म्हणजे शंकास्पद रंग. डबी घेतलीच, तर त्यावरील क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि उपलब्ध असल्यास तेथील छायाचित्राशी नाणे जुळवून पाहावे. हा रुपया मात्र माझ्या मते साध्या झिजलेल्या रुपयाच्या भावातही घेऊ नये. त्याच भावात न रंगवलेला, राखाडी रुपया सहज मिळतो.