शब्दचर्चा: ‘शूटिंग पेन’ला तुमच्याकडे काय म्हणतात?

आडवाटा
मधुमेहाने पायाच्या नसा बिघडून जे दुखणं लागतं, त्यावरच्या एका औषधाच्या चाचणीचे कागद मराठीत करतेय. गाडी अडलीय वेदनेच्या प्रश्नावलीत. मॅकगिल प्रश्नावलीचं छोटं रूप आहे: वेदनेचे १५ शब्द, प्रत्येकापुढे ‘नाही, थोडं, मध्यम, खूप’ यापैकी एक खूण. ‘थ्रॉबिंग’ला ठणका, ‘क्रॅम्पिंग’ला पेटका, ‘हॉट-बर्निंग’ला आग, इथवर सुखात होते. ‘शूटिंग’ला, म्हणजे इकडून तिकडे एकदम धावणाऱ्या दुखण्याला, ‘चमक’ लिहिलं. भाषांतर तपासायला मूळ न दाखवता दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून घेतात, तर तिथून ‘चकाकणारी वेदना’ होऊन आली! आधीच्या एजन्सीने म्हणे ‘गोळी झाडल्यासारखी वेदना’ केलं होतं. कळ, सणक, शिणक, चमक, यातलं तुम्ही कोणतं म्हणाल? आणि यादीतला शेवटचा शब्द ‘पनिशिंग-क्रुएल’. तिथे तर हातच टेकले.

खडूस_मास्तर
शास्त्रीय कागदाला शास्त्रीय भाषा हवी. ‘वेधक वेदना’ लिहा. थ्रॉबिंगला ‘स्पंदनात्मक वेदना’. ठणका, सणक हे ओट्यावरचे शब्द झाले.

निवडुंग
मास्तर, दुखतं ते ओट्यावरच्याच माणसाला. ‘स्पंदनात्मक’पुढे खूण कोण करणार, तुम्ही?

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ, आता बरीच वर्षं फक्त वेदनेची ओपीडी बघते. ही यादी आभाळातून पडलेली नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी पेशंट आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते गोळा केलं, मग त्या शब्दांचे गट पाडले, त्यांची तीव्रता लोकांकडून ठरवून घेतली आणि १९७५ मध्ये प्रश्नावली छापली. मोठ्या रूपात ७८ शब्द आहेत, २० गटांत. १५ शब्दांचं छोटं रूप १९८७ चं. म्हणजे मुळात ते इंग्रजी ओट्यावरचेच शब्द आहेत, मास्तर. मराठीत ‘वेधक’ घालून आपण पेशंटचे शब्द काढून घेतो आणि डॉक्टरचे घालतो.

आता नसांच्या दुखण्याचं. माझे पेशंट ‘चमक’ पाठीसाठी म्हणतात: चमक भरली, उसण भरली. नस दुखते तेव्हा ‘करंट मारतो’. सरळ करंट. सत्तरीची आजीसुद्धा हेच म्हणते. बाकी मुंग्या, आग, बधिरपणा. कुणी सांगतं, गादीवर चालल्यासारखं वाटतं. कुणी म्हणतं, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी पत्ता नाही. या शेवटच्या वाक्याला मी कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त मार्क देते.

आडवाटा
पण ताई, ‘विजेचा झटका’ हा वेगळा प्रश्न आहे हो. याच चाचणीत डीएन४ नावाची दुसरी प्रश्नावली आहे, १० प्रश्न, ४ ‘हो’ आले की दुखणं नसेचं धरतात. त्यात झटका, आग, मुंग्या, खाज सगळं वेगवेगळं विचारलंय. करंट तिथे खर्च झाला. शूटिंगसाठी दुसरं काहीतरी हवं.

सातपुडा
आमच्या खान्देशात ‘पाय दुखस’ म्हटलं की झालं. आजोबा त्यापुढे एकच पुरवणी जोडायचे: ‘भलताच’. तुमच्या १५ रकान्यांचं त्यांनी काय केलं असतं देव जाणे.

माझं मत ‘कळ’ला. कळ जाते, कळ येते, कळ मस्तकात जाते. इकडून तिकडे धावण्याचा अर्थ त्यातच आहे.

उगाच_एक
कळ हा फार गमतीचा शब्द आहे. बाळंतपणाच्या कळा, दिव्याची कळ, कळीचा मुद्दा, कळीचा नारद. ‘कळ काढणे’ म्हणजे भांडण उकरणे, आणि ‘जरा कळ काढ’ म्हणजे सोस, थांब. मला वाटतं सगळं एकाच मुळातून आलं असावं: जे दाबलं की दुसरीकडे काहीतरी घडतं ते.

खडूस_मास्तर
आपल्याला वाटतं म्हणून व्युत्पत्ती होत नसते. भांडणाची कळ संस्कृत ‘कलह’च्या बाजूची दिसते, यंत्राची ‘कला’च्या. दुखण्याची तिसरीच असेल. एका उच्चारावर सगळी भावंडं ठरवू नका.

उगाच_एक
‘बाजूची दिसते’ हेसुद्धा वाटणंच की मास्तर.

चिंचगुळिका
शब्दाचं निघालंय तर आमच्या आईचं ऐका. पायांच्या आगीसाठी तिला अशाच एका चाचणीत बोलावलं होतं (हॉस्पिटलचं नाव नको). संमतीपत्र वाचून दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं, “आजी, काहींना औषध देणार, काहींना नुसती साखरेची गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही माहीत नसेल.” आईने कागद सरकवून दिला. “मला डायबेटिस आहे आणि तुम्ही मला साखर देणार? तेही डॉक्टरला न सांगता?” उठलीच ती तिथून!

निवडुंग
😂 आजींचं बरोबरच आहे. प्लासिबोला ‘औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी’ म्हणावं.

खडूस_मास्तर
‘छद्मौषध’.

निवडुंग
छद्म म्हणजे कपट. संमतीपत्रात? सही करायला आलेला माणूस पोलीस घेऊन येईल.

भूलवाली
वेदनेच्या चाचणीत ही गोळी टाळता येत नाही, कारण तिनेही बऱ्याच जणांना उतार पडतो आणि तो उतार खोटा नसतो. त्यामुळे ‘नुसती’, ‘खोटी’ ही विशेषणं मीही काढायला लावते. ‘साखरेची’वर मात्र असे कागद तपासणाऱ्या आमच्या समितीत कुणी कधी हरकत घेतलेली आठवत नाही. आता घेईन.

आणि एक, १५ शब्दांइतकाच घोळ आकड्यांचा असतो. ‘शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं, तुमचं किती?’ असं विचारलं की जुनी माणसं म्हणतात, “सोसवतंय.” पुन्हा विचारलं तर, “मागच्यापेक्षा चार आणे फरक आहे.” मला हे दहापेक्षा पक्कं वाटतं. २००१ मध्ये प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाच्या १० चाचण्यांमधले २,७२४ पेशंट एकत्र घेऊन तपासलं, तेव्हा साधारण ३० टक्के उतार पडला की पेशंट स्वतःहून ‘बराच फरक’ म्हणतो असं दिसलं. सोळा आण्यांच्या रुपयात पाच आणे म्हणजे ३१ टक्के. चार आण्यांत औषध नापास, पाच आण्यांत पास.

सातपुडा
आजोबा ‘बारा आणे’च्या खाली कधी उतरले नाहीत. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून.

भूलवाली
हे तर रोजचं. तोंडावर विचारलं की सगळ्यांना बरं वाटतं. म्हणून घरी वही देतो, रोज रात्री आकडा लिहायचा. मग तपासणीच्या दिवशी सकाळी रिक्षात बसून एका पेनाने सात दिवस भरलेले असतात.

आडवाटा
मंडळी, परवा कागद द्यायचे आहेत. शूटिंगला ‘कळ’ की ‘सणक’? आणि ‘पनिशिंग’वर कुणी बोललंच नाही.

चिंचगुळिका
पनिशिंगला ‘भोग’. आई म्हणते, “भोग आहेत माझे.” शिक्षा आणि क्रूरपणा दोन्ही आलं.

निवडुंग
भोगात क्रूरपणा नाही, कबुली आहे. ‘खूप भोग’वर खूण करणारी बाई दुखणं किती ते सांगत नाही, ते का आलं ते सांगते. ‘जीव नकोसा करणारं’ बघा.

भूलवाली
नको. ‘जीव नकोसा’ला ‘खूप’ अशी खूण आली की आम्हाला मानसोपचाराकडे चिठ्ठी द्यावी लागेल. ‘छळणारं’ चालेल का?

खडूस_मास्तर
‘छळणारं’ मान्य. पहिल्यांदा मान्य काहीतरी. ‘सणक’ मात्र नाही, सणक डोक्यात जाते, रागाची. ‘शूळ’ लिहा. पोटशूळ, कपाळशूळ सगळ्यांना कळतं.

सातपुडा
शूळ म्हणजे भाला. तो खुपसल्यासारखा, म्हणजे ‘स्टॅबिंग’. धावतो कुठे?

उगाच_एक
कपाळशूळवरून आठवलं. अर्धशिशी अर्ध्या शिशीवरून आलीय का? आमच्याकडे डोक्याला लावायचं तेल अर्धी शिशी संपायचं.

खडूस_मास्तर
अरे देवा. अर्ध अधिक शीर्ष. आयुर्वेदात ‘अर्धावभेदक’. ग्रीकांनीसुद्धा अर्धी कवटीच धरली, हेमिक्रेनिया, त्याचंच घासून मायग्रेन झालं.

उगाच_एक
मग ‘अर्धशीर्षी’ का नाही झालं? ‘शि’ दोनदा का? तेलाचा मुद्दा मी सोडत नाही.

निवडुंग
पूर्ण डोकं दुखणाऱ्यांनी काय म्हणायचं, पूर्णशिशी? मास्तर, बोला.