आयव्हीएफनंतर जुळं आहे. बाळंतपण बेळगावात की कोल्हापुरात? सल्ला हवा

निपाणीची_सून
नमस्कार. बरीच वर्षं वाट पाहून कोल्हापुरात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब) केलं. दोन गर्भ गर्भपिशवीत सोडले होते. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. मी तिथेच रडले, नवरा नुसता स्क्रीनकडे बघत बसला. आता दहावा आठवडा चालू आहे, तारीख ऑगस्टअखेरची दिली आहे. सेंटरवाले म्हणाले, आमचं काम झालं, आता नेहमीच्या गायनॅककडे नाव घाला.

घोळ असा आहे की सासर निपाणीत, नवऱ्याची नोकरी बेळगावात उद्यमबागला, आणि माहेर खानापूरच्या पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आईचा रोज फोन, "कधी येऊलालीस गं?" सातव्यात ओटी भरून न्यायचं तिने ठरवूनच टाकलंय. सासूबाई म्हणतात निपाणीतच आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत. नणंद कोल्हापुरात असल्यामुळे ती म्हणते इकडेच ये. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत, की मी पलंगावरून उठायचं नाही. जिना उतरले तरी सासूबाई "अगं अगं" करत धावतात.

ज्यांनी या भागात जुळ्यांचं बाळंतपण केलंय त्यांनी सांगा, कुठे नाव घालू? आणि खरंच इतकं झोपून राहायचं असतं का?

दोनाचे_चार
अभिनंदन वहिनी. मी शहापूरचा, आमची जुळी आता शाळेत जातात.

एकच सांगतो, बाकी सगळं नंतर. दवाखाना निवडताना बाळंतपणाची खोली बघू नका, बाळांची खोली बघा. जुळी बहुतेक वेळा पूर्ण दिवस भरायच्या आधीच येतात. आमच्या बायकोचं पाणी तेहतिसाव्या आठवड्यात रात्री गेलं. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे बाहेर बोर्डावर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लिहिलेलं होतं. आत दोन काचेच्या पेट्या होत्या, पण रात्री बाळांचे डॉक्टर नव्हते आणि श्वासाचं मशीन एकच. सिझर तिथेच झालं आणि दोन्ही पोरं ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे हलवली. म्हणजे बायको टाके घेऊन एका दवाखान्यात, पोरं गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी मधे. तिचं दूध सिरिंजमध्ये भरून, त्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहून, कुल्फीवाल्याकडून आणलेल्या थर्मासात घालून स्कूटरवरून न्यायचो. एका सिरिंजमध्ये चमचाभरसुद्धा नसायचं. तिथल्या सिस्टर ते नळीने पाजायच्या आणि म्हणायच्या, हेच औषध, आणत राहा.

म्हणून जाल तिथे थेट विचारा. रात्री दोन वाजता बाळांचा डॉक्टर आत असतो की फोनवर? व्हेंटिलेटर किती, एका वेळी दोन बाळांना लागले तर? आईला एनआयसीयूत जाऊ देतात का? या प्रश्नांना कुणी तोंड वाकडं केलं तर तिथून उठायचं.

कागलचा_पावणा
निपाणीहून कोल्हापूर पाऊण-एक तास, हायवे सरळ. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. कोल्हापुरात चांगल्या एनआयसीयू आहेत, तुमची फाइलही तिथेच, आणि फॉर्मपासून डिस्चार्जपर्यंत सगळं मराठीत. यात विचार करण्यासारखं काय आहे?

दोनाचे_चार
@कागलचा_पावणा, निपाणीत राहणार असतील तर तुमचं बरोबर. पण नवरा उद्यमबागला. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा. आणि बेळगावात कुणी मराठी बोलत नाही असं नाही हो. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असलं तर सही करण्याआधी वाचून समजावून सांगा म्हणायचं, सांगतात.

निवृत्त_सिस्टर
बेळगाव जिल्ह्यात आयुष्यभर लेबर रूममध्ये काढलं, म्हणून थोडं लांब लिहिते. डॉक्टर नाही, त्यामुळे जे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी.

सगळ्यात आधी, ११ ते १४ आठवड्यांच्या मधे जो एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) होतो तो चुकवू नका, आणि त्या रिपोर्टवर एक गोष्ट लिहून घ्या: वार (प्लॅसेंटा) एक की दोन. दोन गर्भ सोडले आणि दोन ठोके दिसले म्हणजे बहुतेक दोन वारी. पण कधी कधी एकच रुजतो आणि तोच फुटून दोन होतात, त्यामुळे धरून चालू नका. दोन बाळांमधला पडदा जाड की पातळ, हे याच आठवड्यांत नीट दिसतं, पुढे अवघड होतं. दोन वारी असतील तर साधारण महिन्याला एक सोनोग्राफी पुरते आणि सगळं ठीक असेल तर ३७-३८ आठवड्यांपर्यंत थांबतात. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं. एकाच वारेवर वाढणाऱ्या दर शंभर जोड्यांमध्ये दहा-पंधरा जोड्यांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. ते वेळेत सापडलं तर मोठ्या सेंटरला लेसरचा उपचार आहे. गुंतागुंत नसली तरी एका वारेच्या जुळ्यांचं बाळंतपण ३६-३७ आठवड्यांतच करतात. कोल्हापूर की बेळगाव याचं अर्धं उत्तर या एका ओळीत आहे.

झोपून राहण्याबद्दल. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण जुळं आहे एवढ्याच कारणाने पलंगाला खिळून राहिल्याने दिवस पुढे जातात असं कुठे दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते आणि अंगातली ताकद जाते. घरातलं हलकं काम करा, चाला, दुपारी डाव्या कुशीवर पडा. रक्तस्राव होत असेल किंवा डॉक्टरांनी खास सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. सेंटरने दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पुढचं. जुळ्यात बीपी वाढण्याचा धोका जास्त, आणि तुम्ही पहिलटकरीण. तेव्हा बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू करायची का, हे पुढच्याच भेटीत विचारा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, एकदम तोंडावर सूज, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन आत्ताच बघून घ्या. आपल्याकडच्या बायका नऊवर असतात आणि "मी ठणठणीत आहे" म्हणून सांगतात. लवकर कळा येतील असं वाटलं की बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. ती मिळायला आणि लागू पडायला थोडा वेळ हातात लागतो. पोट घट्ट होतंय की नुसतं दुखतंय, यावर घरात चर्चासत्र भरवू नका. गाडी काढा.

आणि रक्तपेढी. गर्भपिशवी दोन बाळांनी ताणलेली असते, बाळंतपणानंतर आवळायला आळस करते आणि रक्त जातं. नळातून पाणी यावं तसं जाताना पाहिलंय. एएनएम नर्सबाईंनी खेड्यात बाळंतिणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, हा जगभर गाजलेला अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत झाला, २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. गोळ्यांनी फरक पडला. पण जुळ्यांसाठी गोळ्यांच्या भरवशावर बसू नये. जिथे रक्त त्याच आवारात मिळतं तिथेच नाव घाला. बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं हॉस्पिटल आणि बिम्सचं जिल्हा रुग्णालय ही दोन्ही मेडिकल कॉलेजची, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय. खासगीत जायचं असेल तर दोनाचे_चार यांचे प्रश्न हातात घेऊन जा.

चिक्कोडी_१
मी सहसा लिहीत नाही. आमचे तीन होते. दोन सोडले, त्यातला एक फुटला.

तिळं म्हटल्यावर नातेवाईक पेढे मागायला लागले. डॉक्टर मात्र गंभीर झाले. तिळी बहुतेक बत्तीस-तेहतीस आठवड्यांत येतात, कधी त्याहून लवकर, आणि लवकर म्हणजे दिसायला, ऐकायला, श्वासाला, सगळ्याला धोका. तीनचे दोन किंवा एक करण्याचा पर्याय असतो, साधारण ११ ते १३ आठवड्यांत, तोसुद्धा ज्यांचा हात बसलेला आहे अशांकडेच. त्यातही जे दोघं एकाच वारेवर होते त्यांच्यातला एकच काढता येत नाही साध्या पद्धतीने. म्हणजे आकडा सोपा नसतो. आम्ही निर्णय घेतला. काय घेतला ते इथे लिहीत नाही, घरातही कुणाला माहीत नाही. ज्यांना अशी वेळ येईल त्यांनी घाईत "देवाने दिलंय" किंवा घाईत "डॉक्टर म्हणाले" म्हणून ठरवू नये, दोन ठिकाणी विचारावं. आणि मुलगा-मुलगी कोण याचा कुणी सौदा दाखवला तर तिथून निघावं, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

ज्यांची ट्रान्सफर (गर्भ आत सोडणं) अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी: वय कमी असेल आणि गर्भ चांगल्या प्रतीचा असेल तर एकच सोडा म्हणून सांगा, उरलेले गोठवून ठेवता येतात. "एका खर्चात दोन" हा हिशेब एनआयसीयूच्या बिलापुढे टिकत नाही.

जांबोटीकर
ताई, तुमची तारीख ऑगस्टअखेर म्हणजे सातवा महिना जूनमध्ये आणि बाळं बहुतेक जुलैत. जुलैत आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. खानापूर बाजारपेठेत असाल तर ठीक, त्याच्या पुढे असाल तर लाइट जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि ओढ्यावरून पाणी गेलं की गाडी अलीकडे नाहीतर पलीकडे. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही ओटीभरण पाचव्यातच उरकलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच प्रकारचे भात, सगळं झालं, आणि बहीण बेळगावातच राहिली. माहेर तिच्याकडे आलं. आईने सहाव्या महिन्यापासून टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत मुक्काम ठोकला. आईला राग येत नाही हो, तिला फक्त विचारावं लागतं.

सीमा_८६५
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सरकारी योजनेत आयव्हीएफ बसत नाही, ते गेलेच. पण एनआयसीयूचं बघा. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, रेशनकार्डाप्रमाणे किती मिळतं ते दवाखान्यातल्या काउंटरवर आधीच विचारा. तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदणी कार्ड) आशाताईंकडून आत्ताच काढा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. तुमचं गाव यादीत असेल तर दवाखान्यातून लेखी घ्या, नुसत्या शब्दावर विसंबू नका. विमा असेल तर जन्मलेली बाळं पहिल्या दिवसापासून धरली जातात का, ते पॉलिसीत वाचा. दोन बाळं म्हणजे दोन बिलं.

नोकरी करत असाल तर पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीनंतर. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांत. कोल्हापुरात झाली तर पोरांचे दाखले महाराष्ट्राचे. यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

निपाणीची_सून
सगळ्यांचे खूप आभार. एनटी स्कॅन झाला. दोन वारी आहेत, रिपोर्टवर लिहून घेतलं. सिस्टर, तुमचा मजकूर प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण काल भाजी निवडायला दिली.

बेळगावात नाव घातलं. रात्रीच्या डॉक्टरांचं विचारल्यावर तिथल्या मॅडम हसल्या आणि एनआयसीयूच दाखवून आणली. आईला सांगितलं, ओटीभरण पाचव्यात. ती म्हणाली मग अनगोळला मावशीकडे मी राहायला येते. आता विचारायचं ते असं, बाळं लवकर आली तर घरी आणल्यावर काय काय बघायचं? आजेसासूबाई गुटी आणि मधाची तयारी करतायत.

अनगोळची_आजी
आईला अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणीची आंबील. दोघांना पाजायचं म्हणजे भूक दुप्पट, लाजू नको. रात्री एक बाळ आईने घ्यायचं, एक आजीने. मालिशवाल्या बाईला कमी वजनाच्या पोरांवर हात ठेवू देऊ नको, ती जोर काढते.

निवृत्त_सिस्टर
आजी बरोबर बोलल्या. गुटी नाही, मध नाही, साखरेचं पाणी नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. कमी वजनाचं बाळ उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून शाल. आईने, बाबांनी, आजीनेसुद्धा. दोघांना एकदम जमतं. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, बाळ लवकर आलं म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. बसणं, रांगणं मात्र डॉक्टरांनी दिलेल्या दिवस भरायच्या तारखेपासून मोजायचं, शेजारच्या पोराशी तुलना नको.

आणि हे डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहून घ्या: चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी चार आठवड्यांच्या आत. बाळ फारच लवकर आलं तर त्याहूनही आधी. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून लोक नेत नाहीत. नजर गेल्यावर कुणी परत आणू शकत नाही. एनआयसीयूत असतानाच नाव नोंदवा. कानाची तपासणीही घरी जाण्याआधी करून घ्या.

दोनाचे_चार
आणि दोघांच्या फाइली वेगवेगळ्या रंगाच्या घ्या. "जुळं १" आणि "जुळं २" असं लिहिलेले कागद काउंटरवर एकमेकांत जातात. आमच्याकडे लहान्याचं रक्ताचं बिल थोरल्याच्या नावावर अजून आहे.