मदत हवी आहे: मलेरियाचा परजीवी ‘जेवतो’ कसा, हे अकरावीला दाखवायचंय

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळ ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. परवा सूक्ष्मदर्शकाखाली गिम्सा या रंगाने रंगवलेली रक्ताची स्लाइड लावली होती. एका तांबड्या पेशीत प्लास्मोडियम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, आणि त्याच्यात तपकिरी ठिपका. एका मुलीने विचारलं, "सर, हा पेशीत कोंडलेला, मग खातो काय नि कुठनं?"

निम्मं उत्तर दिलं. त्याला सायटोस्टोम नावाचं बारीक तोंड असतं, त्यातून हिमोग्लोबिन ओढून तो अन्नपोकळीत पचवतो. उरलेलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) त्याला विषारी, म्हणून त्याचे स्फटिक करून ठेवतो. तो ठिपका म्हणजे तेच हिमोझोइन. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध नेमकं हे स्फटिक बनणं अडवतं.

अडलो पुढे. परजीवीला प्रथिनं बनवायला लागणारं आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आपल्या हिमोग्लोबिनमध्ये नसतंच. ते बाहेरच्या रक्तद्रवातून आणावं लागतं, म्हणजे वाटेत तीन पडदे: तांबड्या पेशीचा, परजीवीभोवतीच्या पोकळीचा आणि त्याचा स्वतःचा. पेशीच्या पडद्यात तो स्वतःची प्रथिनं बसवून नवी वाट काढतो, एवढं सांगितलं. पण फळ्यावर तीन गोल काढले की निम्म्या वर्गाचं लक्ष खिडकीबाहेरच्या द्राक्षबागेत.

कुणी हे तीन पडदे वर्गात करून दाखवलेत का? अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून एक पडदा जमतो, पडद्यात पडदा कसा करायचा? आणि सांगली-मिरजेत चांगल्या कायमस्वरूपी स्लाइड कुठे मिळतील? आमच्या स्लाइडचा कोपरा उडालाय, रंगही विटलाय. सोमवारी परत तोच तास आहे.