स्क्रॅपबुकच्या ऑर्डरी घ्यायच्यात, दर कसा लावू?

कागदवेडी_नाशिक
नमस्कार. स्क्रॅपबुकिंगची, म्हणजे फोटो आणि सजावट लावून हाताने अल्बम करायची आवड कॉलेजपासून आहे, भाचीच्या बारशाचा अल्बम केला तो नातेवाइकांत सगळीकडे फिरला आणि आता ओळखीच्या बायका विचारतायत की आम्हाला पण करून दे, पैसे देतो. मुलगी शाळेत गेली की दुपार मोकळी असते, म्हणून घरूनच सुरू करायचं म्हणतेय. पण दर काय सांगायचा तेच कळेना. 12 बाय 12 इंचाचा 20 पानी अल्बम, सामानालाच हजार जातात, 1500 म्हटलं तर एक जण म्हणाली ऑनलाइन 400 ला मिळतो की! सामान कुठे स्वस्त मिळेल? नोंदणी लागते का? जे करतायत त्यांनी प्लीज सांगा.

मनवा_डोंबिवली
अगं 1500 मध्ये तुझी मजुरी कुठे धरलीयेस? 20 पानांचं डिझाइन, कटिंग, चिकटवणं धरून 15 तास सहज जातात, तासाला 100 रुपये जरी लावलेस तरी मजुरीच 1500, वर सामानाचे 1000, शिवाय वाया गेलेला कागद, ब्लेड, टेप, पॅकिंगचा खोका, कुरिअर मिळून अजून तीनशे-चारशे, म्हणजे 2800 च्या खाली घेऊच नकोस. तो 400 वाला अल्बम कोरा असतो गं, नुसती काळी पानं आणि थोडे स्टिकर, फोटो ज्याचे त्यानेच चिकटवायचे, हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचं. बजेट नसेल त्यांच्यासाठी एक्स्प्लोजन बॉक्स (झाकण काढलं की चारी बाजू उघडून आतले फोटो दिसतात तो खोका) किंवा 6 बाय 6 चं छोटं बुक ठेव. निम्मे पैसे आधी घे आणि सगळे फोटो हातात आल्याशिवाय तारीख देऊ नकोस, लोक फोटो निवडायलाच महिना लावतात आणि मग आदल्या आठवड्यात फोन सुरू. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागव, नाहीतर क्वालिटी जाते.
सामानासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट, पुण्यात लेस-मणी-टिकल्यांसाठी बोहरी आळी. पुण्यातच शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला कागद एकदा हातात घेऊन बघच.

स्टुडिओवाला
ताई, मी फोटोच्या धंद्यात आहे, एक गोष्ट कळकळीने सांगतो. लोक तुमच्याकडे आठवणी देणार, तर त्या टिकल्या पाहिजेत. कागद ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री घ्या, म्हणजे आम्ल आणि लाकडातलं लिग्निन नसलेला, साधी रंगीत कार्डशीट काही वर्षांत पिवळी पडते आणि सोबत फोटोही खराब करते. पानं 250 ते 300 जीएसएमची (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, म्हणजे जाड) ठेवा म्हणजे वजनाने वाकत नाहीत. पांढरा पातळ डिंक लावला की पाणी शोषून पान लाटांसारखं होतं, त्यापेक्षा फोटोसाठीची डबल साइड टेप किंवा सरळ फोटो कॉर्नर, आपल्या आजी-आजोबांच्या काळ्या पानांच्या अल्बमात असायचे तेच, फोटो कधीही सुटा काढता येतो. घरच्या इंकजेटचे प्रिंट उन्हाने आणि ओलाव्याने लवकर बिघडतात, लॅबमधून काढून घ्या. आणि जुना एकुलता एक फोटो आला तर त्याला कात्री लावू नका, चिकटवू पण नका. 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून कॉपी वापरा, मूळ फोटो पाकिटात घालून परत द्या. घरात तेवढाच एक फोटो उरलेला असतो हो कित्येकदा.

सुमेधा_काकू
वाढदिवस आणि ॲनिव्हर्सरी सगळेच करतात, तू आपल्याकडचे प्रसंग धर. डोहाळजेवण, मुंज, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन. आईवडिलांच्या कार्यासाठी मुलं पैशाला मागेपुढे बघत नाहीत आणि तारीख पण आधीच ठरलेली असते. फोटोंबरोबर घरातल्या वस्तू माग: जुनी लग्नपत्रिका, आजीच्या अक्षरातली लोणच्याची कृती, पहिल्या नोकरीचं पत्र, एखादं आंतर्देशीय. त्याच्यासाठी पानात खिसा कर. छापील फोटोबुकात हे कुठून येणार? तुझी खरी किंमत इथे आहे, हे मनापासून सांगते.

कागदवेडी_नाशिक
खूप खूप आभार सगळ्यांचे! काकू, खिशाची आयडिया फार आवडली, सासऱ्यांच्या साठीला तसंच करते आणि तोच नमुना म्हणून दाखवते. नोंदणीचं कोणी सांगेल का? एक एजंट उद्यमसाठी, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी 2000 मागतोय.

मनवा_डोंबिवली
अजिबात देऊ नकोस! उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते. जीएसटी म्हणशील तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नुसता माल विकतेस तोवर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पुढे क्लास घेतलेस तर ती सेवा झाली, तिथे मर्यादा 20 लाखांची. परराज्यात अल्बम पाठवायच्या आधी मात्र एखाद्या सीएला विचार, तिथे नियम वेगळे आहेत. धंद्याचं बँक खातं वेगळं काढ, घरखर्चात पैसे मिसळले की नफा कळतच नाही. साठीच्या अल्बमचे फोटो इथे टाक हं, बघायचेत.