जुन्या ऑटोमॅटिकचा गिअर स्लिप होतोय, गिअरबॉक्सचं ऑईल बदलू की नको? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. बाबांची 2007 ची सेडान आहे, 4 गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारी (एएमटी नाही, सीव्हीटी पण नाही, ते ऑटोमॅटिकचे वेगळे प्रकार, आधीच सांगतो नायतर चर्चा भलतीकडेच जाते). सकाळी थंड असताना काही तक्रार नाही, पण पणजीहून येताना म्हार्दोळ सोडून फर्मागुढीचा चढ लागला की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम 4000 च्या वर आणि गाडी आहे तिथंच, मग दोनेक सेकंदांनी धाडकन गिअर पकडतो, तोवर मागचे हॉर्न मारून जीव खातात. रिव्हर्सला टाकल्यावर पण हल्ली जरा विचार करूनच हलते.

मॅन्युअलप्रमाणे इंजिन गरम आणि चालू ठेवून, पी (पार्किंग) मध्ये गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, बघितली. लेव्हल बरोबर, पण ऑईल लाल नाही, कोऱ्या चहासारखं, जळका वास. दुधाळ नाहीय म्हणजे पावसाचं पाणी शिरलं नसावं. शेवटचं कधी बदललं विचारलं तर बाबा म्हणतात "सर्व्हिसिंगला केलं असेल की", म्हणजे कधीच नाही.

आमचा मेकॅनिक म्हणतो, पात्रांव, जुन्या ऑईलला हात लावू नका, त्या गाळावरच गिअरबॉक्सच्या आतले क्लच धरून आहेत. दुसरा म्हणतो मशीन लावून फ्लश मारूया, म्हणजे दाबानं सगळं जुनं ऑईल बाहेर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर कुणीच लावला नाही. चतुर्थीला आजीला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय, काय करू?

प्रतिसाद:
फ्लश अजिबात नको. बऱ्याच 4 गिअर बॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात, तुमची दोन्ही लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. आधी पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑईलचं ताट) खोला. त्यातल्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज, पण चकचकीत कण किंवा क्लचचा काळा भुगा भरपूर निघाला तर ऑईलवर पैसे घालू नका, बॉक्स उतरवावा लागणार. पॅन बरा निघाला तर फिल्टर बदला आणि नुसतं ड्रेन करून भरा, एका वेळी साधारण निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून परत करायचं. ग्रेड मॅन्युअलमधलाच. बिघाड सोलेनॉइड (ऑईलचा विजेवर चालणारा वाल्व्ह) किंवा वाल्व्ह बॉडी (ऑईल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) मध्ये असेल तर बहुतेक वेळा बॉक्स न उतरवता काम होतं, म्हणून स्कॅन कराच. बाटलीतलं औषध सील फुगवतं, जळलेला क्लच भरून काढत नाही. आणि चोर्ल्याला दुसरी गाडी बघा.

धागाकर्ता:
तिसरा आणि रिव्हर्स एकच, हे कुणीच बोललं नव्हतं! शनिवारी पॅन खोलतो, फोटो टाकतो. आजीला अजून सांगितलेलं नाही.