घरातच अडकलेय, खिडकीत बाग करायचीय आणि घरच्यांनाही त्यात ओढायचंय, काय लावू?

खिडकीवाली:
नमस्कार मंडळी, पायाचं ऑपरेशन झालंय आणि सध्या वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत एवढाच प्रवास. खाली उतरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि नेमका वसंत लागलाय, दिवस मोठा होतोय, खिडकीत सकाळचं चार-पाच तास छान ऊन येतंय, हात नुसते शिवशिवतायत. आई एकीकडे, ताई आणि तिची पोरं दुसरीकडे, दादा तर पार दक्षिण गोलार्धात. रोज व्हिडिओ कॉल होतो पण खरं सांगू का, दुसऱ्या मिनिटाला विषय संपतो. "बरी आहेस ना?" "हो." "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." मग सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसतात (आईचं तर फक्त कपाळच दिसतं, फोन कसा धरायचा ते तिला अजून पटलेलं नाही). म्हणून वाटलं की सगळ्यांनी आपापल्या घरी एकच काहीतरी लावायचं, म्हणजे बोलायला काही तरी राहील. पण काय लावू? पोरांना धीर नाही, आईला बारीक दिसत नाही, मला वाकता येत नाही. आणि बिया इथूनच पाकिटात घालून सगळ्यांना पोस्टाने पाठवल्या तर चालेल का?

मातीचे_हात:
घेवडा लाव, डोळे झाकून. बी मोठं असतं, आईंना दिसलं नाही तरी बोटांना कळेल. दोन-तीन सेंटीमीटर खोल टोचायचं, माती ओलसर ठेवायची, गच्च नाही. माती उबदार असेल तर आठवडा-दहा दिवसांत वर येतो, गार असेल तर मात्र आतल्या आत कुजतो, म्हणून घाई नको. आणि वर येताना बघण्यासारखा असतो हं. सरळ येतच नाही, आधी देठाची कमान मातीला भेग पाडते, मग मागून दोन जाड दलं ओढून काढते आणि मग कुठे ताठ उभा राहतो. पोरांना काचेच्या बरणीत ओला टिश्यू पेपर गुंडाळून काच आणि कागदाच्या मध्ये बी ठेवायला सांग, मूळ आधी येतं ते दिसतं.

जोडीला छोटा गोल मुळा. चार-पाच दिवसांत उगवतो, महिन्याभरात काढायला येतो, पोरांच्या धीराचं काम तिथेच होतं. टोमॅटोच्या नादी आत्ता लागू नकोस, रोपं सहा-आठ आठवडे घरात सांभाळायची, मग आठ-दहा दिवस हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची, ते वॉकरवर कोण करणार. शिवाय चार-पाच तासांच्या उन्हात फळं धड धरतही नाहीत.

दोन_गोलार्ध:
दादाचं विसरताय सगळे. तुमच्याकडे वसंत म्हणजे त्याच्याकडे शरद सुरू. 20-21 मार्चच्या आसपास दोन्हीकडे दिवस-रात्र जवळपास सारखी असते, मग तुमचा दिवस वाढत जातो आणि त्याचा आखडत जातो. घेवडा त्याच्याकडे थंडीत सापडेल. मुळा दोघांनाही चालतो, तोच सामाईक ठेवा. वर त्याला लसूण लावायला सांगा, त्याला थंडी लागतेच आणि शरदातच लावतात.

आणि देशाबाहेर बिया पोस्टाने अजिबात पाठवू नका!! बहुतेक देशांत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियांत रोग-किडी नाहीत असा सरकारी दाखला) लागतं, ते नसेल तर पाकीट जप्त होऊन नष्ट करतात, कुठे कुठे दंडही होतो. रोग-किडी बियांबरोबर जातात म्हणून हे नियम आहेत, उगाच नाही. त्याला तिथेच त्याच जातीचं बी घेऊ दे.

खिडकीवाली:
बापरे, बरं झालं विचारलं. मुळा आणि घेवडा ठरलं. दादाला लसणीचं कळवलंय, तो म्हणे मी आळशी आहे, मी म्हटलं म्हणूनच लसूण. बाकी ताईच्या मोठ्या लेकाने वाट न बघता घरातली मोहरी पेरून टाकली, उगवलीही, पण सगळी रोपं लांबुडकी होऊन खिडकीकडे झुकलीत. तो मला विचारतोय की त्यांना डोळे नाहीत मग खिडकी कुठे आहे ते कळलं कसं. काय सांगू?

रिकामटेकडा_काका:
वा, पोरगं हुशार आहे. त्याला सांगा की हाच प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता आणि त्याने तो मुलाला, फ्रान्सिसला, हाताशी धरून सोडवला. 1880 साली त्या बापलेकांनी प्रयोग छापले. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर काळी टोपी घातली तर कोंब वाकेना, शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला तर वाकला. म्हणजे उजेड ओळखतो शेंडा आणि वाकतो खालचा भाग, मधे काहीतरी निरोप जातो. तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं वनस्पतीतलं संप्रेरक, हे कळायला 1920 चं दशक उजाडलं. सावलीच्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात आणि रोप उजेडाकडे कलतं. भाच्याला हे घरी करता येईल, पण मोहरीवर नको, गहू पेरा. कोंब दोन सेंटीमीटरचा झाला की फॉइलची बारीकशी टोपी, एका बाजूने उजेड, आणि शेजारी बिनटोपीचे चार कोंब.

तुमच्यासाठी अजून एक. डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकलेला असताना त्याने हॉप्सच्या वेलाची कुंडी रात्रंदिवस त्याच खोलीत ठेवून घेतली होती, शेंडा किती आणि कसा फिरतो ते मोजायला. उबदार हवेत दिवसा साधारण दोन तासांत एक फेरा, असं त्याचं टिपण आहे. घेवडा वेलीचा घ्या (बुटका नको), त्याचा शेंडाही असाच गरगर फिरत आधार शोधतो. फोन टेकवून टाइमलॅप्स लावा आणि फॅमिली ग्रुपवर टाका, बघा कॉल किती चालतो ते.

हळूबाई:
वरचं सगळं मस्त, पण शर्यत लावू नका एवढं माझं ऐका. कोणाचं आधी उगवलं हे सुरू झालं की ज्याचं रोप मेलं तो माणूस कॉलला येईनासा होतो, आणि बहुतेक वेळा ती आईच असते. आणि रोज कॉल कशाला? फोटो टाका, व्हॉइस नोट टाका, कॉल आठवड्यातून दोनदा. आईंना सांगायचं नाही, विचारायचं. "आई, याला पाणी घालू का गं?" एवढं विचारलं तरी त्या अर्धा तास बोलतील.

मातीचे_हात:
@हळूबाई आमच्याकडे तर शर्यत आहे म्हणूनच पोरं पाणी घालतात 😀 पण आईंच्या बाबतीत पटलं.

कोरडी_कुंडी:
पाण्यावरून सांगते, मुळ्याची रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली तर ती बुरशी आहे, जास्त पाणी आणि कोंदट हवा हे कारण. पडलेली उठत नाहीत, काढून टाका, बाकीच्यांना वारा लागू द्या आणि पाणी खालून बशीत घाला. लांबुडकी होऊ नयेत म्हणून कुंडी अगदी काचेजवळ आणि रोज थोडी फिरवायची. वजनाचं म्हणाल तर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पेरा, हलकं असतं, पण त्यात खत नसतं, खरी पानं (पहिल्या दोन बीजदलांनंतर येतात ती) आली की पातळ खत द्यावं लागतं. मातीची पिशवी उघडायची तर खिडकी उघडून, मास्क लावून, आधी थोडं पाणी शिंपडून. त्या धुळीत लिजिओनेला नावाचे जंतू असू शकतात, फुप्फुसाला त्रास देतात, वयस्कर लोकांना जास्त. आईंनाही सांगा. सगळं काम टेबलावर, बसून.

खिडकीवाली:
सगळ्यांचे आभार. शेजारच्या मुलाने टेबल खिडकीला लावून दिलंय, कोकोपीट उद्या येईल. गव्हाच्या टोपीचं ऐकून भाच्याने घरातलं सगळं फॉइल संपवलंय, ताई माझ्यावर चिडलीय. आईला सहज विचारलं की घेवडा किती खोल टोचू, तर तिने कोकोपीटवरच हरकत घेतली, त्यात जीव नाही म्हणे, थोडी बागेतली माती मिसळ. मिसळू का? की त्याने ती बुरशी येईल?

कोरडी_कुंडी:
पेरताना नको, बागेच्या मातीबरोबर बुरशी येऊ शकते. पुढे इतर कुठली रोपं खरी पानं आल्यावर मोठ्या कुंडीत हलवाल तेव्हा कंपोस्टबरोबर थोडी मिसळा. पण घेवडा आणि मुळा दोघांनाही मुळं हलवलेली आवडत नाहीत, ते थेट त्यांच्या कायमच्या कुंडीतच पेरा.