‘इन माय पॉइंट ऑफ व्ह्यू’ की ‘फ्रॉम’?

परवा भाचीने नोकरीच्या अर्जासोबतचं इंग्रजी पत्र वाचायला दिलं. दोन पानांत तीनदा ‘इन माय पॉइंट ऑफ व्ह्यू’. मी खूण केली तर म्हणाली, “मामा, सगळेच असं लिहितात.” लिहितात खरे, पण प्रमाण इंग्रजीत तिथे ‘फ्रॉम’च लागतो.

‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ म्हणजे पाहणारा जिथे उभा आहे ती जागा. त्या जागेवरून पाहायचं, म्हणून ‘फ्रॉम’. मराठीत हे आपण न चुकता बोलतो: ‘विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून’. त्यातल्या ‘ऊन’मध्येच ‘फ्रॉम’ आलं. मला वाटतं, घोळ होतो तो ‘माझ्या मते’मुळे. त्यासाठी इंग्रजीत ‘इन माय ओपिनियन’ आहे आणि त्यातला ‘इन’ आपण इकडे आणून चिकटवतो. ‘अकॉर्डिंग टू मी’ हेसुद्धा त्याच ‘माझ्या मते’चं शब्दशः रूप. ‘अकॉर्डिंग टू’ने दुसऱ्याचा हवाला देतात, जसं ‘अकॉर्डिंग टू द डॉक्टर’. स्वतःच्या मताला तो लावत नाहीत.

अर्थातला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘भाडेवाढ अन्यायाची आहे’ हे माझं मत झालं, तिथे ‘इन माय ओपिनियन’ लिहावं. पण ‘फ्रॉम द टेनंट्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ असं घरमालकही लिहू शकतो. भाडेकरूच्या जागी उभं राहून पाहिलं तर काय दिसतं एवढंच तो सांगतो. ते त्याला पटलेलं असायलाच हवं असं नाही. दोन्ही प्रयोग एकच समजले तर ही सोय हातची जाते.

अनेकवचन ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’. ‘एस’ पहिल्या शब्दाला.

‘पर्स्पेक्टिव्ह’लाही या अर्थी ‘फ्रॉम’च. मात्र ‘इन पर्स्पेक्टिव्ह’ असाही प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ निराळा: एखादी गोष्ट तिच्या खऱ्या प्रमाणात पाहणं. चित्रकलेत यथार्थदर्शन म्हणतात ना, लांबचं झाड लहान काढायचं, तीच कल्पना. एका पेपरात कमी गुण पडले म्हणून रडणाऱ्या मुलाला ‘कीप इट इन पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात ते याच अर्थाने.

जाता जाता मराठी शब्दाबद्दल. सुटा शब्द ‘दृष्टी’, ‘ष्टी’ दीर्घ. समासात मात्र ‘दृष्टिकोन’, ‘ष्टि’ ऱ्हस्व. आणि शेवटी ‘न’. ‘दृष्टिकोण’ हे हिंदीतलं रूप. आपल्याकडे ‘त्रिकोण’ला ‘ण’ आहे, पण ‘चौकोन’, ‘काटकोन’ आणि ‘दृष्टिकोन’ यांना ‘न’.